विश्लेषण : रेल्वे हवी, सावलीही हवी… बुलढाण्यात वाहतूक प्रकल्पांसाठी झाडे तोडताना नेमके काय ठरते?

खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. अकोला–खंडवा रेल्वेचा पर्यायी मार्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकातून सुचवला गेला आहे. महामार्गांचे रुंदीकरण तर गेली अनेक वर्षे सुरूच आहे. यापैकी प्रत्येक कामात झाडे जातात आणि प्रत्येक वेळी ‘त्याहून जास्त झाडे लावू’ असे आश्वासन मिळते. हे आश्वासन कोणत्या कायद्यावर उभे आहे, ते कुठे कमी पडते आणि झाडे वाचवण्याची खरी संधी कधी असते, याचा आढावा.

बुलढाण्यात हा प्रश्न आताच का?

मुंबई–नागपूर लोहमार्ग बुलढाणा जिल्ह्यातून जातो, पण तो उत्तरेकडून. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही त्यावरील स्थानके. जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटा सोडला तर जिल्ह्याचा मोठा भाग रेल्वेविना आहे. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरालाही रेल्वे नाही. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांतील माणूस एसटी आणि काळीपिवळीवर अवलंबून आहे.

खामगाव–जालना हा सुमारे १६२ किमीचा प्रस्तावित मार्ग चिखली, देऊळगाव राजा असा जाणार आहे. पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून वरच्या पठारावर चढायचे असल्याने माती खोदणे, भराव घालणे आणि पूल बांधणे हे सारे आलेच. मुंबई–नागपूर बुलेट ट्रेनच्या प्रस्तावातही मेहकरचे नाव आहे. म्हणजे ‘झाड की गाडी’ हा प्रश्न जिल्ह्यात अजून बराचसा कागदावर आहे. तो कागदावर असतानाच विचारलेला बरा, कारण मार्गाची रेषा एकदा पक्की झाली की झाडांची गणना हा केवळ उपचार उरतो.

रेल्वेला विरोध करण्याचा हा मुद्दा नाही. एक रेल्वेगाडी अनेक बस आणि ट्रकांचा भार उचलते, धूर कमी करते आणि रस्त्यावरचे अपघातही कमी करू शकते. प्रश्न एवढाच की त्यासाठी दिलेली किंमत नीट मोजली जाते का.

रस्त्याकडेचे झाड इतके महत्त्वाचे का?

खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले कडुनिंब, वड, चिंच हे विदर्भातल्या जुन्या रस्त्यांचे ओळखीचे चित्र. मे महिन्यात खामगाव, मलकापूर, शेगाव परिसरात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो. अनेक फाट्यांवर बसथांब्याची शेड नाही, आणि असली तरी तिचे पत्रे तापलेले असतात. तिथे प्रवासी थांबतो तो झाडाखाली. फळविक्रेता, पंक्चरवाला, रसवंती, चहाची टपरी यांचा धंदाही त्याच सावलीत चालतो.

संत गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव असा पायी पार करते. सुमारे १६ किमीच्या या वाटेवर पालखीसोबत हजारो माणसे चालतात. रस्ता रुंद झाल्याने त्यांची सुरक्षितता वाढते, पण सावली गेल्याने चालणे कठीण होते. महामार्गाच्या आराखड्यात वाहनांचा वेग, वळणे, पूल मोजले जातात. पायी चालणाऱ्याला किती अंतर उन्हात जावे लागेल, याचा रकाना त्यात सहसा नसतो.

दुसरी बाजूही खरी आहे. डांबराला चिकटून उभे असलेले जाड खोड वेगाने येणाऱ्या वाहनासाठी जीवघेणे ठरते. म्हणून रस्ता रुंद करताना काठावरची काही झाडे काढावी लागतात. वाद सरसकट तोडीबद्दल आणि नंतरच्या विस्मरणाबद्दल आहे.

एकाच झाडाला दोन कायदे कसे?

महाराष्ट्रात झाडाला किती संरक्षण मिळेल हे ते कुठे उभे आहे यावर ठरते. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली अशा नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. त्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याआधी वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि झाडावरही नोटीस लावायची असते. परवानगी मिळाल्यावर १५ दिवस कुऱ्हाड चालवता येत नाही.

२०२१च्या दुरुस्तीने हा कायदा आणखी कडक झाला. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’, म्हणजे हेरिटेज ट्री, हा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची, रोपे सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांचे जिओ टॅगिंग व्हावे आणि सात वर्षे निगा राखावी, अशी भूमिका त्यामागे आहे. बेकायदा तोडीसाठीचा दंड प्रति झाड एक लाख रुपयांपर्यंत नेण्यात आला.

नगरपरिषदेची हद्द संपली की चित्र बदलते. ग्रामीण भागात १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आहे. तो प्रामुख्याने खासगी जमिनीवरील ठरावीक जातींच्या झाडांसाठी केलेला आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, अंजन, फणस अशी नावे त्याच्या अनुसूचीत आहेत. मात्र रस्त्याकडेला सर्वाधिक दिसणारे कडुनिंब, वड, पिंपळ आणि बाभूळ तिच्यात नाहीत. शिवाय रस्त्याच्या हद्दीतले झाड सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा महामार्ग यंत्रणेच्या ताब्यात असते. म्हणजे रस्ता बांधणारी आणि झाडाची मालक असलेली यंत्रणा बहुधा एकच.

याचा व्यवहारातला अर्थ असा : चिखली शहरातील साठ वर्षांच्या कडुनिंबासाठी जाहीर सूचना, हरकत आणि वयाइतकी भरपाई अशी तरतूद आहे, शहराच्या पाटीपलीकडे काही किलोमीटरवर उभ्या असलेल्या त्याच वयाच्या कडुनिंबाला यातले जवळपास काहीच मिळत नाही. आणि जिल्ह्यातील रस्ते असोत वा रेल्वे, त्यांची बहुतेक लांबी शहराच्या हद्दीबाहेरच असते.

वनजमीन असेल तर १९८०च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची मंजुरी, पर्यायी वनीकरण आणि निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम हे सारे येते. अभयारण्यातून मार्ग जात असेल तर वन्यजीव मंडळाची मंजुरीही लागते. खामगाव आणि बुलढाणा यांच्यामधले ज्ञानगंगा अभयारण्य या दृष्टीने महत्त्वाचे. टिपेश्वरहून सुमारे १,३०० किमी भटकून २०१९मध्ये एक वाघ तिथेच पोहोचला होता.

रेल्वेसाठी पर्यावरणाची जनसुनावणी होते का?

होत नाही. हा मुद्दा फारसा माहीत नसतो. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत ठरावीक लांबी-रुंदीपुढच्या महामार्गांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. रेल्वे आणि मेट्रोचे मार्ग त्या यादीतच नाहीत. त्यामुळे नव्या रेल्वेमार्गासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होणारी पर्यावरणविषयक जनसुनावणी बंधनकारक नाही.

उरते ते भूसंपादन. रेल्वे कायद्याच्या विशेष तरतुदींखाली जमीन घेताना अधिसूचनेनंतर ३० दिवसांत हरकत नोंदवता येते. पण ती जमिनीत हितसंबंध असलेल्याला. बांधावरच्या आंब्याचे, चिंचेचे, संत्र्याच्या बागेचे मूल्यांकन होते आणि मोबदला शेतकऱ्याला मिळतो. फाट्यावरच्या वडाखाली रोज बसची वाट पाहणाऱ्या विद्यार्थिनीचा त्या जमिनीत कायद्याने मोजला जाईल असा हितसंबंध नसतो. तिच्या सावलीची नोंद कोणत्याच फायलीत होत नाही.

‘एकाच्या बदल्यात पाच’ हे गणित कुठे चुकते?

पहिली चूक मोजमापाची. जुन्या कडुनिंबाचा घेर दहा मीटर व्यासाचा धरला तर त्याची सावली सुमारे ७८ चौरस मीटर होते. नव्या रोपाचा घेर एक मीटर धरला तर त्याची सावली पाऊण चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे आज गेलेल्या सावलीची आज भरपाई करायची तर पाच नव्हे, सुमारे शंभर रोपे लागतील. पाच रोपे पुरेशी आहेत असे म्हणायचे तर ती जगतील आणि वीस-पंचवीस वर्षे कोणी तोडणार नाही, हे गृहीत धरावे लागते.

दुसरी चूक जागेची. रुळांलगत मोठी झाडे लावता येत नाहीत. लोकोपायलटला समोरचे दिसायला हवे आणि विजेच्या उच्चदाब तारांवर फांदी पडता कामा नये. त्यामुळे रेल्वेच्या बदल्यातली झाडे दुसरीकडेच लागणार, हे उघड आहे. महामार्गावर नवी रोपे हद्दीच्या कडेला लागतात आणि पुढच्या रुंदीकरणात किंवा वीजवाहिनीच्या कामात तीच आधी जातात. दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल समोरच्या दिव्यांचा झोत अडवण्यासाठी असतात. त्यांचा उपयोग आहे, पण त्यांची गणना कापलेल्या वडाच्या भरपाईत करणे ही फसगत आहे.

तिसरी चूक पाण्याची. रोप लावणे हे जुलैचे काम. ते जगवणे हे पुढच्या तीन उन्हाळ्यांचे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथे विहिरी-बोअरचे पाणी खारट. ते रोपाला घातले तर कोवळी मुळे मार खातात. गोडे पाणी टँकरने आणायचे, तर त्याच महिन्यांत गावांनाही टँकर लागतात. अशा वेळी प्राधान्य कशाला मिळणार, हे सांगायला नको.

चौथी चूक हिशेबाची. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. शेवटच्या वर्षीचे लक्ष्य एकट्याने ३३ कोटींचे होते. त्या मोहिमेची चौकशी करण्यासाठी २०२१मध्ये विधिमंडळ सदस्यांची समिती नेमावी लागली. खड्डे आणि रोपे मोजणे सोपे असते. पाच वर्षांनी किती झाडे उभी आहेत, हे मोजण्याची सवय आपल्या यंत्रणांना नाही.

झाड उचलून दुसरीकडे लावता येत नाही का?

येते, पण प्रत्येक झाड नाही. पुनर्रोपणात झाडाभोवती आधी चर खणून मुळे टप्प्याटप्प्याने छाटतात. नवी तंतुमुळे फुटायला काही आठवडे देतात, फांद्या कमी करतात आणि मग मातीच्या गड्ड्यासह झाड क्रेनने उचलतात. वड, पिंपळ, उंबर या कुळातली झाडे हे तुलनेने सहन करतात. आंबा, चिंच, मोह अशी खोल सोटमूळ असलेली मोठी झाडे बहुधा सहन करत नाहीत.

बुलढाण्यात त्यात काळ्या मातीची भर पडते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडल्या की मुळांशी हवा खेळते आणि ती सुकतात. म्हणून पुनर्रोपण पावसाळ्याच्या तोंडावर, आधीच्या तयारीने आणि नंतर दोन-तीन वर्षे पाणी देऊनच करावे लागते. प्रत्यक्षात ठेकेदाराचे वेळापत्रक पुलाच्या कामावर ठरते. एप्रिलमध्ये घाईने उपटलेले झाड नव्या खड्ड्यात उभे दिसते खरे, पण अनेकदा ते तिथे वाळायलाच आलेले असते.

मुंबई मेट्रोने काय शिकवले?

मेट्रो-३साठी रस्त्याकडेच्या झाडांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने आधी तोडीला स्थगिती दिली आणि मे २०१७मध्ये ती उठवली. पुनर्लागवडीवर न्यायमूर्तींच्या समितीची देखरेख ठेवण्यात आली. पुढे आरे वसाहतीतील कारशेडचे प्रकरण आले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडे गेली होती. परवानगीनंतरचे १५ दिवस पाळले गेले का, यावरही वाद झाला. ती मुदत सप्टेंबरमध्येच संपल्याचे मेट्रो प्रशासनाचे म्हणणे होते. एप्रिल २०२३मध्ये, ८४ झाडांची मुभा असताना १७७ झाडांसाठी प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपये भरायला लावले, पण काम अडू नये म्हणून तोडीला संमतीही दिली.

यातून दोन गोष्टी दिसतात. प्रकल्प अर्धा झाल्यावर न्यायालयेही सहसा तो थांबवत नाहीत. आणि मुंबईत वकील, माध्यमे आणि वृक्षप्रेमी गट जागे असूनही एवढीच मजल गाठता आली, तर सिंदखेड राजा तालुक्यातल्या एखाद्या फाट्यावर काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

मार्ग बदलून झाडे वाचली, असे कुठे झाले का?

झाले. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड सुमारे ४०० वर्षांचा वटवृक्ष येत होता. स्थानिकांनी आवाज उठवला, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिले आणि जुलै २०२०मध्ये झाड न तोडता रस्ता वळवण्याचे ठरले.

दुसरे उदाहरण थेट बुलढाण्याशी जोडलेले आहे. अकोला–खंडवा मीटरगेज रेल्वे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असे. रुंदीकरणासाठी २०१७च्या सुरुवातीपासून ती बंद झाली. अकोला–अकोट टप्पा ब्रॉडगेज होऊन नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झाला, पण पुढचा जंगलातला मार्ग रुंद करण्यास वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला. त्यातून हिवरखेड, सोनाळा, जामोद असा, सुमारे ३० किमी लांबचा पर्याय पुढे आला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून तोच मागितला.

या पर्यायात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील गावांना पहिल्यांदाच रेल्वे मिळू शकते आणि मेळघाटचा गाभा मोकळा राहतो. पण बोजा नाहीसा होत नाही. जंगलातल्या झाडांऐवजी शेतांच्या बांधावरची झाडे आणि संत्र्याच्या बागा मार्गात येतात. तरीही हा निर्णय रेषा आखतानाच झाला, म्हणून निदान कोणते नुकसान परवडेल याची तुलना करता आली.

झाडाची किंमत पैशात करता येते का?

पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी जेसोर रोडवरील ३५६ झाडे तोडण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळचे नागपूरचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये गुणिले वय असे सुचवले. त्यात ४५ हजार रुपये केवळ प्राणवायूचे होते. या सूत्राने साठ वर्षांच्या झाडाची किंमत ४४ लाख ७० हजार रुपये होते. लाकडाच्या लिलावात त्याला मिळणाऱ्या रकमेशी याची तुलनाच नाही.

हे सूत्र सर्वमान्य नियम झालेले नाही आणि फेब्रुवारी २०२३मध्ये त्या पुलांसाठी तीनशेहून अधिक झाडे तोडायला परवानगीही मिळाली. पण अशी रक्कम अंदाजपत्रकात धरली तर झाडाला वळसा घालणे अनेक ठिकाणी स्वस्त पडेल. आज झाड फुकट धरले जाते आणि वळसा महाग दिसतो.

मग जिल्ह्याने आता काय विचारायला हवे?

• मार्गाचे सर्वेक्षण होतानाच जुन्या झाडांची जात, घेर आणि ठिकाण यांची यादी तयार होऊन ग्रामपंचायतीत लागेल का? नंतर ‘तिथे झाडच नव्हते’ असे म्हणता येऊ नये.

• भरपाईची झाडे त्याच तालुक्यात, बसथांबे, स्थानकाचे आवार आणि गावाला जोडणाऱ्या रस्त्यांवर लागतील का? रुळांलगत सावली शक्य नसली तरी स्थानकाच्या वाटेवर ती शक्य आहे.

• वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच यांच्या बदल्यात त्याच जाती लागतील, की लवकर वाढणारी शोभेची झाडे?

• ठेकेदाराचे पैसे लावलेल्या रोपांवर मिळणार की तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या झाडांवर? केंद्राच्या २०१५च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाच्या एक टक्का रक्कम यासाठी राखायची आहे. म्हणजे महामार्गांपुरता तरी पैशाचा मार्ग आहे.

• खारपाणपट्ट्यात गोडे पाणी कुठून येणार, हे आराखड्यात लिहिले आहे का?

यातील एकाही प्रश्नासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेतल्या अटी, ग्रामसभेचा ठराव आणि माहिती अधिकाराचा अर्ज एवढ्याने सुरुवात होऊ शकते. खामगाव–जालना मार्गावर अजून रूळ पडलेले नाहीत, त्यामुळे झाडांची यादी करायला वेळ आहे. भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस उरतील, तेही फक्त जमीनधारकांना.